रोखपालाने गल्ल्यातली रक्कम लांबवली तर खरोखर सात वर्षे होतात का?

हिशेबनीस, फोंडा

फोंड्यातील एका बार-रेस्टॉरंटचा हिशेब माझ्याकडे तपासायला आलाय. ग्राहकाने रोख दिली की रोखपाल बिल रद्द करायचा आणि पैसे खिशात घालायचा. असे साधारण अठरा महिने चालले. रद्द बिलांचा मेळ घातल्यावर 2 लाख 40 हजारांचा फरक निघतो. मधूनमधून काउंटरवर स्वतःच्या खात्याचा क्यूआर ठेवलेला होता. गोदामातल्या बाटल्याही कमी आहेत, पण त्या कोणी नेल्या याचा धागादोरा नाही. मुलगा 24 वर्षांचा आहे, त्याच्यावर आधीचा गुन्हा नाही. घरचे पैसे भरायला तयार आहेत. सगळा प्रकार 1 जुलै 2024 नंतरचा, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरचा. कलम कोणते लागेल, शिक्षा प्रत्यक्षात किती होते, आणि पैसे आले की प्रकरण मिटते का?

फौजदारी बाजू, म्हापसा

आधी कलम ठरवा, कारण पुढचा सगळा पुरावा त्यावर अवलंबून आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू उचलली तर भारतीय न्याय संहितेचे कलम 306. वस्तू किंवा पैसा विश्वासाने त्याच्याच हाती सोपवला होता आणि त्याने तो लाटला तर कलम 316(4), म्हणजे नोकराने केलेला अपहार. दोन्हींत कमाल सात वर्षे आणि दंड. तुमचा रोखपाल मालकाच्या वतीने पैसे स्वीकारतो, म्हणून 316(4). क्यूआरचे पैसेही तिथेच बसतात. वेटरने फळीवरची बाटली उचलली असती तर 306. बिलात खोटी नोंद करून फेरफार केला त्यासाठी कलम 344 वेगळे लागते, त्यालाही कमाल सात वर्षे.

आता सात वर्षांबद्दल. ती कायद्यातली कमाल मर्यादा आहे. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो आणि एका गुन्ह्यासाठी त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद आणि 50 हजारांपेक्षा जास्त दंड देता येत नाही. त्यांना ते अपुरे वाटले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 364 खाली प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. त्यांची मर्यादा सात वर्षांची. शिक्षा ठरवताना रक्कम, किती काळ चालले, विश्वासाची जागा होती का, पैसे भरले का आणि आधीची शिक्षा आहे का, हे सगळे तोलले जाते. अठरा महिने सातत्याने चालले, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध जाणार.

अटकेबद्दलही मालकाची अपेक्षा आत्ताच जागेवर आणा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस आधी त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन बोलावतात. अटक करायची तर कारणे लिहावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालापासून, म्हणजे 2014 पासून, यावर न्यायालयाचे बारीक लक्ष असते.

बाजारपेठ, डिचोली

पहिलाच गुन्हा आहे आणि पैसे परत करतोय तर समाजसेवेची शिक्षा होते ना?

फौजदारी बाजू, म्हापसा

ती तरतूद कलम 303 मधल्या साध्या चोरीला आहे, तीही 5 हजारांपेक्षा कमी किमतीच्या आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर. 306 किंवा 316(4) ला ती लागू नाही. इथे मार्ग आहे तो 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम 4 चा: दोषी ठरवून, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहून, सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडणे. त्याच कायद्याच्या कलम 5 खाली भरपाईही भरायला लावता येते. आरोपीच्या वकिलाने हा मुद्दा शिक्षेच्या सुनावणीतच मांडावा.

लेखापरीक्षक, मडगाव

कलम बरोबर असूनही आरोपी सुटतो तो कागदांमुळे. पैसे त्याच्या हाती सोपवले होते हेच सिद्ध करता येत नाही. नेमणूकपत्र, पाळीचा तक्ता, दिवसअखेर गल्ला मोजल्यावरची त्याची सही आणि त्याचा स्वतंत्र लॉगिन, हे चारही काढून ठेवा. एकच पासवर्ड चार जण वापरत असतील तर बिल कोणी रद्द केले हे उलटतपासणीत टिकत नाही.

कोष्टक असे करा: बिल क्रमांक, वेळ, रद्द करणारा लॉगिन, त्या वेळी पाळीवर कोण आणि स्वयंपाकघराची पावती निघाली होती का. शेवटचा स्तंभ सर्वांत मोलाचा. जेवण बनले, टेबलावर गेले आणि बिल मात्र रद्द झाले, हे तिथे दिसते. खरोखर चुकून रद्द झालेली बिले काढून टाका, म्हणजे 2 लाख 40 हजारांचा आकडा खाली येईल, पण टिकेल. बाटल्यांची तूट यात मिसळू नका. पुरावा नसलेला आकडा फिर्यादीत घातला की बचाव पक्ष नेमके तेच बोट धरतो.

आणखी एक. अपहारात प्रत्येक नोंदीची तारीख न देता एकूण रक्कम एकाच आरोपात घेता येते, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 235(2) प्रमाणे पहिल्या आणि शेवटच्या तारखेत एक वर्षाहून जास्त अंतर चालत नाही. तुमचे अठरा महिने आहेत, म्हणजे किमान दोन आरोप. तक्ता आत्ताच दोन भागांत करा.

सीसीटीव्हीचे चित्रण आजच उतरवा, डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) जुने पुसून नवे भरत असतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र हवे: एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा. बिलिंगच्या डेटालाही तेच.

फौजदारी बाजू, म्हापसा

पैशांबद्दल राहिले. 306 आणि 316(4) दोन्ही तडजोडयोग्य आहेत, पण न्यायालयाच्या परवानगीने (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 359). परवानगी मिळाली की परिणाम निर्दोष सुटकेचा. पोलीस ठाण्यात स्टॅम्पपेपरवर "केस मागे घेतो" लिहून दिल्याने गुन्हा संपत नाही. मात्र 344 तडजोडीच्या यादीत नाही. ते लागले असेल तर दोन्ही बाजूंना पर्वरीला उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 528 खाली गुन्हा रद्द करून घ्यायला जावे लागेल. फिर्यादीत 344 घालताना मालकाने याचा विचार आधीच करावा.

प्ली बार्गेनिंगही आहे, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागणे. आरोप निश्चितीपासून 30 दिवसांत अर्ज आरोपीनेच करायचा. पहिल्या गुन्ह्याला, किमान शिक्षा ठरलेली नसेल तर, कमाल शिक्षेचा एक षष्ठांश, म्हणजे सात वर्षांचे 14 महिने. पण तो दोषी ठरतोच.

हिशेबनीस, फोंडा

मालक म्हणतात, त्याला ऑफिसात बसवून कबुली लिहून घेऊ आणि मगच पैसे घेऊ.

फौजदारी बाजू, म्हापसा

तसे अजिबात करू देऊ नका. "लिहून दे, पोलिसांत जाणार नाही" असे आमिष किंवा धाक दाखवून घेतलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम 22 खाली बाद होते. दार लावून बसवले तर न्याय संहितेच्या कलम 127 चा बेकायदा कोंडून ठेवण्याचा गुन्हा मालकावरच येईल, आणि धमकावून चेकवर सही घेतली तर खंडणीचा. लेखी कारणे दाखवा नोटीस द्या, उत्तराला मुदत द्या. पैसे घ्यायचे तर बँकेतून घ्या आणि पावतीवर "हक्क राखून" असे लिहा.


फौजदारी खटला ही वसुलीची खात्री नव्हे. न्यायालयाने दंड केला तर भरपाई त्या दंडातूनच मिळते. दंड नसलेल्या शिक्षेत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395(3) खाली वेगळी भरपाई देता येते, पण ती न्यायालयाच्या मर्जीवर. म्हणून घरच्यांकडून रक्कम आली नाही तर तीन वर्षांची मुदत संपण्याआधी दिवाणी दावाही दाखल करा.