गावच्या वाचनालयाले ई-रीडर घ्यावं का छापील पुस्तकं? पर्यावरणाच्या हिशोबानं बी सांगा

कपाशीवाला_दर्यापूर
राम राम मंडळी. आमच्या गावात ड वर्गाचं वाचनालय हाय, औंदा लोकवर्गणीतून जरा बरे पैसे जमले त कमिटीत दोन पार्ट्या पडल्या. पोट्टे म्हणतात दोन-तीन ई-रीडर (ई-बुक वाचाचं मशीन) घ्या, हजार पुस्तकं एकात मावते आन् कागदापायी झाडं बी तोडा लागत नाही. म्हातारे म्हणतात आम्हाले हातात धराले पुस्तकच पायजे. पैसे असे घडीघडी येत नाही म्हणून इचारतो, खरंच ई-बुक पर्यावरणाले छापील पुस्तकापेक्षा चांगलं असते काय? आन् इकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर, लाइन कधी जाईन भरोसा नाही, पावसाळ्यात उधई (वाळवी), अशात काय टिकते? ज्यायनं वापरलं त्यायनं सांगा.

बल्लारपूरवाला
भाऊ, झाडाचं आधी सांगतो. कागद म्हणजे जंगल साफ, असं सरसकट नसते. आमच्या बल्लारपूरच्या कागद मिलची कंपनी 1945 ची, मिलले चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू लागायचा, मंग निलगिरी-सुबाभूळ बी आलं. बांबू बराबर तोडला त त्याच बेटातून दरसाल नवे वास्ते (कोंब) निघते, बेट मरत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेले 2011 मध्ये आपला बांबू आपण विकाचा हक्क भेटला, म्हणजे जंगल राखून गावाले पैसा बी येते. हां, लगद्याले पाणी लय लागते आन् तो पांढरा कराले केमिकल लागते, ते लपवून जमणार नाही. पण बॅटरीतलं लिथियम, कोबाल्ट बी जमीन खोदूनच काढते ना, ते आपल्या डोळ्यासमोर होत नाही एवढंच.

वाचते_वर्धा
मी शाळेचं ग्रंथालय बघते, म्हणून हिशोबाचं सांगते. अमेरिकेत 2009 मध्ये क्लीनटेक ग्रूप नावाच्या कंपनीनं अंदाज काढला होता, एका किंडलचा (ॲमेझॉनच्या ई-रीडरचा) सगळा मिळून कार्बन साधारण 168 किलो आणि एका छापील पुस्तकाचा साडेसात किलोच्या आसपास. म्हणजे बावीस-तेवीस पुस्तकं विकत घ्यायची टळली तेव्हा कुठं ते मशीन फिटतं. आकडे तिकडचे आणि जुन्या मशीनचे आहेत, पण यात एक माणूस एक पुस्तक विकत घेतो असं धरलंय दादा, आणि वाचनालयात तसं होतच नाही, तेच पुस्तक वीस-पंचवीस घरी फिरून येतं, मग ते साडेसात किलो तेवढ्या जणांत वाटल्या जातात. ई-रीडरमध्ये हजार पुस्तकं असली तरी एका वेळी वाचणारा एकच. म्हणून वाचनालयासाठी मी छापील पुस्तकांच्याच बाजूनं आहे, मनापासून.
लाइनची काळजी मात्र करू नका. ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा ई-इंकचा पडदा जवळपास पान बदलतानाच करंट खातो, एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतो, एका युनिटात शंभराच्या वर वेळा चार्ज होईल. आपली वीज चंद्रपूरच्या कोळशाची असली तरी खरा भार मशीन बनवण्यातच आहे. त्यामुळं दर दोन वर्षांनी नवीन घेणारे पर्यावरणाचं नाव सांगतात ते मला अजिबात पटत नाही.

एमपीएससी_यवतमाळ
ताई, बरोबर आहे पण नवीन मशीन घ्यायचंच कशाला, मोबाईल तर घरोघरी आहेच ना. बालभारतीची पुस्तकं, साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. आम्हा अभ्यास करणाऱ्या पोरांना पुण्याहून पुस्तक मागवायचं म्हणजे पुस्तकाचे पैसे वेगळे आणि पोस्टेज वेगळं, इथं रात्री डाउनलोड केलं की सकाळी अभ्यास सुरू. वाचनालयानं वायफाय लावून एक पेनड्राइव्ह भरून ठेवला तरी खूप झालं. फक्त मोबाईलवर कादंबरी वाचायला नका सांगू, डोळ्यांचं भजं होतं.

गुरुजी_रिटायर
उन्हाबद्दल कोणी बोललं नाही. लिथियम बॅटरी उष्णतेनं लवकर खराब होते, टिनाच्या खोलीत मे महिनाभर बंद ठेवली तर तिचं आयुष्य नक्कीच घटणार. पुस्तकाला उन्हाचं एवढं नाही, पान पिवळं पडेल पण वाचता येईल. उधईसाठी लाकडी कपाट नको, लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि कवेलूचं छत असेल तर गळती उन्हाळ्यातच बुजवा. कडूनिंबाचा पाला ठेवतात लोक, पण त्याच्या भरवशावर राहू नका, महिन्यातून एकदा पुस्तकं हलवा, झाडा, तेच खरं औषध.
दुसरं म्हणजे मालकी. ई-बुक आपण घेतो ते वाचण्याचा परवाना असतो. 2009 मध्येच ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं. रॅकवरचं पुस्तक असं कोणाला नेता येत नाही.
तरी एक ई-रीडर घ्याच. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांना अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, छापील पुस्तकात ते होत नाही.

कपाशीवाला_दर्यापूर
गुरुजी, हे म्हाताऱ्यायचं लय कामाचं सांगितलं. त मंग फुकटच्या पीडीएफ त्याच मशीनवर मोठ्या अक्षरात दिसन काय?

वाचते_वर्धा
स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर नाही, दादा, ती पानाचा फोटोच असते. झूम करून पान इकडून तिकडं सरकवत बसावं लागतं, म्हातारं माणूस दहा मिनिटांत कंटाळेल. अक्षर मोठं करायला इपबसारखी फाईल लागते, म्हणजे ज्यात अक्षरं पडद्याप्रमाणे स्वतः मांडली जातात अशी ई-बुकची फाईल. घेण्याआधी दुकानात मराठी इपब उघडून पाहा, जोडाक्षरं नीट दिसतात का ते तपासा, आणि एका आजोबांना सोबत न्या, त्यांनाच वाचायला लावा.