अनुभव धागा : ह्या छंदांत बायका का दिसत नाहीत? (गोव्यातले अनुभव)

सांजवारा (धागाकर्ती)

मंडळी, मध्यंतरी जुन्या नाण्यांचं एक प्रदर्शन बघायला गेले होते. टेबलांच्या पलीकडे सगळे पुरुष, अलीकडेही बहुतेक पुरुषच. पलीकडे एक बाई दिसल्या म्हणून कौतुकाने बोलायला गेले, तर नवरा चहाला गेलाय तोवर त्या राखण बसल्या होत्या. तेव्हापासून हा चाळाच लागला. पुलावर गरी टाकून बसणारे, रविवारी चोर्ला घाटात जाणारे बुलेटवाले, बुद्धिबळाचे क्लब, दिवाळीत नरकासुराचे पुतळे बांधणारी पोरं, ड्रोनवाले. जिथे बघावं तिथे दादलेच, म्हणजे पुरुषच.

उलट बाजूला फुगडी आहे, धालो (बायकांचा रात्रीचा गाण्या-नाचाचा उत्सव) आहेत, क्रोशा आहे. तिथे पुरुष नाहीत. पण त्यांतल्या निम्म्या गोष्टींना कोणी छंद म्हणतच नाही.

'बायकांना मुळात आवडच नसते' किंवा 'पुरुषांनी जागा अडवल्यात' एवढं एकच वाक्य लिहायचं असेल तर राहू द्या, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या छंदात काय पाहिलंत ते लिहा. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, पैसे कोणाचे.

गरीबाज

मी बाणस्तारीच्या बाजूचा. गरवायचं, म्हणजे गरीने मासे पकडायचं, वेड आजोबांकडून आलं. चोणक मासा हवा असेल तर पाणी फिरतं त्या वेळी तुम्ही बांधावर हजर पाहिजे, आणि पाणी काय आपल्याला विचारून फिरत नाही. पहाटे तीन तर पहाटे तीन. जिवंत सुंगट (कोळंबी) डोक्यावरच्या काट्याखालून गरीत ओवायचं. आत काळा ठिपका दिसतो, त्याला गरी लागता कामा नये. लागली की सुंगट मेलं, आणि मेलेल्याकडे चोणक ढुंकूनही बघत नाही. मग मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी सोडून गप बसायचं.

आमच्यात एकही बाई नाही. कोणी नको म्हटलेलं नाही, पण रात्री दोन ते पाच, काळोख, बांध, चार पुरुष आणि मध्ये एक फेणीची बाटली, अशा ठिकाणी कोण येणार? मी निघताना घरात फक्त 'येतो' म्हणतो. बायको तेवढंच बोलून रात्री दोनला बाहेर पडली तर अख्खा वाडा दिवे लावेल.

तिसरीवाली

गरीबाज, त्याच नदीत, त्याच भरती-ओहोटीच्या हिशेबावर माझी आई गेली चाळीस वर्षं तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरतेय, ती तुमच्या मोजणीत आली नाही बघा!

आईचा हिशेब तोंडपाठ आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीचा तास ढोबळ मिळतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. नदीत आत जाल तसं थोडं मागेपुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खूप खाली जाते आणि एरवी पाण्यात असलेला वाळूचा पट्टा उघडा पडतो. तेव्हा ती आणि शेजारच्या दोघी पाटल्या (टोपल्या) घेऊन निघतात. आधी टाचेने चाचपायचं, कडक लागलं की वाकून बोटांनी उकरायचं. वाकून कंबर मोडते, पण वर येईपर्यंत गावातली सगळी लग्नं-भांडणं बोलून होतात आणि कोणाच्या पाटलीत जास्त तिसऱ्या ह्यावर चढाओढ असते ती वेगळीच. विकायला नेत नाहीत, घरापुरत्याच. बाजारात मिळत नाहीत असंही नाही.

आता तिला विचारा तुझा छंद काय. 'मला गो कसला छंद' म्हणेल. तुम्ही चोणक आणलात की आधी फोटो निघतो. तिने तिसऱ्या आणल्या की आधी आदोळी (विळी) निघते, आणि फोडायलाही तीच बसते.

गरीबाज

तिसरीवालीताई, बोलती बंद. फोटोचं तर शंभर टक्के खरं.

चोर्लावळण

म्हापशाची, नोकरी बँकेत. गोव्यात बाईने गाडी चालवणं ह्यात नवल काहीच नाही. सकाळी नऊला म्हापशाच्या सिग्नलला उभे राहा, निम्म्या स्कूटरवर बायका. मासळी, मुलांची शाळा, कार्यालय, देवळातला प्रसाद, सगळं स्कूटरवरून. म्हणजे 'बायकांना गाडीची भीती' वगैरे आमच्याकडे कोणी बोलू नये. मात्र भाडं मारणारे पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, बघा, पुरुष. आणि कामाशिवाय, नुसतं जायचं म्हणून जाणारे बघा, तेही पुरुष. कारण असलं की बाई गाडीवर, कारण नसलं की बाई घरात.

तीन वर्षांपूर्वी जुनी क्लासिक ३५० बुलेट घेतली आणि एका रविवारच्या ग्रुपात शिरले. निघायची वेळ साडेपाच. ग्रुपातले बाकी लोक साडेपाचला निघतात म्हणजे पाचला उठतात. मी चारला, कारण सासऱ्यांचा नाश्ता आणि औषधं लावून ठेवायची असतात. (नवरा करेल हो, करतोही. पण 'त्याने केलं' ह्याची चर्चा दुपारपर्यंत पुरते, त्यापेक्षा चारला उठणं परवडतं.)

पहिल्या दिवशी साखळी गावाच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा तिघांनी वेगवेगळं विचारलं की ही गाडी सांभाळते का तुम्हाला. १९५ किलो आहे ना. बरोबर एक नवा मुलगा होता, महिनाभरापूर्वी लायसन्स मिळालेला, त्याला कोणी विचारलं नाही. पुढे वळणावर मातीत त्याचीच आडवी झाली. दोघे हँडल धरून हिसके देत होते. मी सांगितलं, गाडीकडे पाठ करा, सीटला पार्श्वभाग टेकवा, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि पायांनी मागे चालत उठवा. ताकद पायात असते. उठली. त्यानंतर प्रश्न थांबले. आता मला ग्रुपात 'वहिनी' न म्हणता नावाने हाक मारतात, एवढी बढती मिळालीय.

सांजवारा (धागाकर्ती)

कारण असलं की बाहेर, हे वाचून थबकले. धालो आठवले. पौषात आमच्याकडे बायका रात्र-रात्र मांडावर (धालोंच्या पवित्र जागेवर) असतात, घरी पुरुष मुलांना झोपवतात, कोणी अवाक्षर काढत नाही. रात्रीची भीती, गावाची नजर, मुलांचं काय, सगळे प्रश्न त्या दिवसांत गायब. कारण ते देवाचं. म्हणजे रात्री बाहेर राहणं बायकांना जमत नाही असं नाहीच. देवाचं असलं तर चालतं, घरचं काम असलं तर चालतं, नुसत्या स्वतःच्या मौजेला चालत नाही.

पटावरचा बाबा

माझा विषय बुद्धिबळ. मुलगी खेळते, मी हमाल कम ड्रायव्हर.

नऊ वर्षांखालच्या गटात मुली भरपूर असतात. दहावीच्या आसपास एकेक गळायला लागते. आमच्या गोव्याला कर्तृत्वाची उणीव नाही. इव्हाना फुर्तादो २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोनदा आठ वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. भक्ती कुलकर्णी २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या महिला संघात होती. तरी २०२५ चा विश्वचषक आपल्या गोव्यात भरला तेव्हा २०६ खेळाडूंत दिव्या देशमुख एकटीच मुलगी. त्याच वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकून ती भारताची चौथी स्त्री ग्रँडमास्टर झाली होती. जगात ग्रँडमास्टर दोन हजारांच्या आसपास, त्यांत स्त्रिया पन्नासच्या आत.

जर्मन खेळाडूंच्या गुणांकनावर २००९ साली एक अभ्यास आला होता. वरच्या शंभर पुरुषांची वरच्या शंभर स्त्रियांशी जोडी लावली, आणि दिसणाऱ्या फरकातला ९६ टक्के भाग नुसत्या संख्येने समजावता येतो असं निघालं. हजारांतून निवडलेला पहिला आणि पन्नासांतून निवडलेली पहिली ह्यांत फरक पडणारच. त्यावर पुढे वाद झाले, पण मला बाप म्हणून ते पटतं, कारण संख्या कशी घटते ते मी स्पर्धेच्या हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघितलंय.

बाहेरगावची स्पर्धा असली की पंधरा वर्षांचे तीन मुलगे मिळून एक खोली घेतात, एक पालक तिघांना पुरतो. मुलगी असली की तिची स्वतंत्र खोली आणि बरोबर घरचं माणूस. खर्च दुप्पट, शिवाय रजा. हिशेब करता करता आईबाप म्हणतात, दहावी होऊ दे, मग बघू. त्या 'मग'ला ग्रँडमास्टर व्हायचं वय निघून जातं.

आडमुठा

सगळ्याचं खापर वेळेवर आणि खोल्यांवर फोडू नका. माझी बहीण अविवाहित, उत्तम पगार, पर्वरीला स्वतःचा फ्लॅट, रविवार अख्खा मोकळा. माझा ड्रोन तिच्या हातात दिला, पाच मिनिटांत परत केला. 'वर जाऊन खाली येतो, मग पुढे काय?' तिला पुस्तकं आणि झाडं. आवड नावाची काही गोष्ट असते की नाही?

पटावरचा बाबा

असते हो. पण लहानपणी घरातला रेडिओ कोण उघडत होतं?

आडमुठा

मी. आणि उघडल्याबद्दल धपाटा खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात वडिलांनी जुना बिघडलेला रेडिओ आणि स्क्रूड्रायव्हर आणून दिला, 'हा उघड' म्हणून. बहिणीने उघडला असता तर पहिली पायरी मिळाली असती, दुसरी मिळाली असती का ते सांगता येत नाही. तरी माझं मत कायम आहे. ड्रोन तिला आज आवडत नाही, आणि आवडावा असा आग्रह का?

घुमटीण

डिचोली तालुका. आमचं बायकांचं घुमट आरतीचं पथक आहे.

घुमट वाजवायला जोर लागतो असं लोकांना वाटतं. मातीचा घट, गळ्यात अडकवायचा. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडायचं-झाकायचं. घुमणारा आवाज ह्या डाव्या हातात आहे. तळवा किती उघडला, किती उशिरा झाकला, त्यावर सगळं. ज्या हातांना पोळ्या लाटायची सवय आहे त्यांना हे अवघड का जावं? पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. त्यालाही बुजुर्ग नाकं मुरडत होते. २०१९ साली सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केल्यावर तीच मंडळी भाषणं करायला लागली.

अडचण वेगळीच आहे. घुमट वाजतं कधी? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. घरोघर आरत्या. आणि चवथीला बायका कुठे असतात? स्वयंपाकघरात, नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कढईपुढे. मी लहानपणापासून सगळ्या आरत्या भिंतीपलीकडून ऐकून पाठ केल्या. माझ्या भावाला त्या अजून वही बघून म्हणाव्या लागतात. आता आम्ही सरावाला रात्री आठनंतर सभामंडपात जमतो. चवथीच्या दिवसांत मात्र पथकातल्या निम्म्या जणींना पाहुण्यांमुळे यायला जमत नाही. म्हणून आमचे कार्यक्रम बहुतेक चवथ संपल्यावरच्या स्पर्धांत होतात. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा वेगळा गट असतो, त्याने भजनात किती बायका आल्या ते बघा. 'वेगळा गट कशाला, गुणवत्तेवर या' असं कोणी म्हणालं की मी त्यांना आधी नेवऱ्या तळायला बसवते.

खंड्या

पक्षी बघते. दोन गोष्टी, कोणी लिहिल्या नाहीत म्हणून.

एक, बाथरूम. चोडण बेटावरच्या खारफुटीत पहाटेच्या फेरीबोटीने गेलं की परतेपर्यंत चार-पाच तास. पुरुष झाडाआड जाऊन येतात. आम्ही आदल्या रात्रीपासून पाणी तोडतो. उन्हात डोकं दुखायला लागलं की पक्षी कसले बघता? ट्रेकवाल्या, गरीवाल्या, सगळ्यांचं हेच असणार.

दोन, करमळीच्या तळ्यावर पुरुष दुर्बीण लावून एकटा बसला तर तो पक्षीवाला. मी बसले तर स्कूटर थांबतात. 'बाय, बरं आहे मगे? घरी काय झालंय?' लोक मायेनेच विचारतात, राग येत नाही. पण तेवढ्यात तळ्यावरची सगळी बदकं उडालेली असतात.

जुनं नाणं

धागाकर्तीने नाण्यांवरून सुरुवात केली म्हणून लिहितो. १९५८ चे पोर्तुगीज इंडियाचे एस्कुदो, त्याआधीच्या रुपिया, एक रुपिया म्हणजे सहा एस्कुदो, हे सगळं मी जमवतो. चांगल्या स्थितीतल्या एका नाण्याला जे मोजतो ते घरी कधी सांगितलेलं नाही. आमच्या मित्रमंडळात सगळ्यांचं तसंच. बायको मात्र दोनशेचं रोप आणते तरी किंमत सांगून आणते. विचारत कोणीच नाही, ती सांगते. बाकी तुम्ही समजून घ्या.

तारवटी

वास्को. बोटीवर होतो, आता निवृत्त. मी क्रोशा करतो. बोटीवर एका फिलिपिनो सहकाऱ्याने शिकवला, सहा-सहा महिने जमीन दिसत नाही तेव्हा हाताला काहीतरी लागतं. गाठी मारायची सवय होतीच.

इथे बायकांचा एक विणकामाचा गट आहे, त्यात एकटाच पुरुष. पहिल्या दिवशी काय झालं असेल? चांगली खुर्ची मिळाली, चहाबरोबर दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) मिळाला, आणि माझ्या वेड्यावाकड्या रुमालाचं इतकं कौतुक झालं की लाज वाटली. चोर्लावळणताईंना गाडी सांभाळते का विचारलं तसं मला सुई सांभाळते का कोणी विचारलं नाही. बाहेर मित्रांनी चेष्टा केली ती गोष्ट खरी. पुरुष त्या गटात का येत नाहीत तर ह्या बाहेरच्या चेष्टेला भिऊन, आतल्या बायकांना भिऊन नव्हे.

गरीबाज

तारवटीमामा, दोदोल मिळत असेल तर मीही येतो.

तिसरीवालीताई, एक काम होतं. येत्या पौर्णिमेला आमच्यातली तीन-चार जणं बायकापोरांसकट दिवसाच्या ओहोटीला नदीवर येऊ म्हणतात. तुमच्या आई जागा दाखवतील का?

तिसरीवाली

विचारलं. म्हणाली, 'येऊं दी. पण मागीर तिसऱ्यो कोण फोडतलो तें आधीं थारावन येवंक सांग.'