टॅपेट सेट करूनही गरम इंजिनात टिकटिक, काय तपासू?

राजेहो, मदत हवी आहे. बाइक १०० सीसी, एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्हची. थंड असताना आवाज नाही, वावरातून घरी येईपर्यंत हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) टिकटिक सुरू. रेस वाढवली की टिकटिकही तेवढीच जलद. पिकअप, ॲव्हरेज ठीक, धूर नाही.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप) रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर सेट केले. मॅग्नेटचा टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण) जुळवला, दोन्ही रॉकर मोकळे असल्याचं हाताने पाहिलं, मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे गॅप ०.०८ मिमी ठेवला. लॉक नट आवळल्यावर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घातला, किंचित अडकत सरकतो. ऑइल नवीन, लेव्हल बरोबर. सायलेन्सरच्या गॅस्केटला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला तर आवाज एक्झॉस्टच्या टॅपेट कव्हरवर ठळक, टायमिंग चेनच्या बाजूला कमी.

एक गोष्ट खटकते. एक्झॉस्टच्या ॲडजस्टिंग स्क्रूच्या टोकाला, व्हॉल्व्हवर टेकतो तिथं, बारीक खड्डा पडलाय.

कापूस वेचणी सुरू आहे, हेड उतरवून गाडी तालुक्याला ठेवणं सध्या जमणार नाही.

त्या खड्ड्यामुळे गेजवर ०.०८ दिसूनही खरा गॅप जास्त राहत असेल का? नुसता स्क्रू बदलून भागेल, की रॉकर आणि त्याला हलवणारा कॅमही झिजले असतील? आणि ते हेड न उतरवता, टॅपेट कव्हरमधूनच कसं ओळखायचं?