व्हरमाँटच्या इतिहासातले ‘पहिले’: कोणते छापावेत, कोणते गाळावेत?

पाटीपेन्सिल

अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य म्हटलं की मेपलचा पाक आणि शरदातली लाल पानं, इथेच बहुतेक लेख संपतात. मला एका भित्तिपत्रकासाठी त्यापलीकडची माणसं आणि घटना हव्या आहेत. आतापर्यंत जमलेली यादी अशी: गुलामगिरी बंद करणारं पहिलं राज्य, स्वतःची नाणी पाडणारं प्रजासत्ताक, अमेरिकेतलं पहिलं पेटंट मिळवणारा सॅम्युएल हॉपकिन्स, विजेच्या मोटरचा शोध लावणारा लोहार टॉमस डेव्हनपोर्ट, सरकारी पेन्शनचा पहिला चेक मिळालेली आयडा मे फुलर, हिमकणांचे फोटो काढणारा विल्सन बेंटली, आणि डोक्यातून पहार आरपार जाऊनही जगलेला फिनिअस गेज.

प्रश्न दोन आहेत. यातलं छापण्याइतकं पक्कं काय? आणि बेंटली व गेज यांच्याबद्दल काय घडलं ते सगळे सांगतात, कसं घडलं ते सापडत नाही. फोटो निघेपर्यंत हिमकण वितळत कसा नव्हता? आणि ती पहार मुळात उडाली का?

दप्तरदार

यादी चांगली आहे, पण ‘पहिला’ हा शब्द जिथे आहे तिथे थोडी डागडुजी लागेल. एक नोंद तर सरळ काढून टाका.

गुलामगिरीपासून सुरुवात करू. व्हरमाँटचं संविधान जुलै १७७७ मध्ये विंडसर गावातल्या एका खाणावळीत संमत झालं. ती इमारत ‘ओल्ड कॉन्स्टिट्यूशन हाउस’ म्हणून अजून उभी आहे. पण तेव्हा व्हरमाँट अमेरिकेच्या संघात नव्हतंच. ते चौदावं राज्य म्हणून ४ मार्च १७९१ ला आत आलं. शिवाय संविधानातल्या गुलामगिरीच्या कलमाचे शब्द नीट वाचायला हवेत: २१ वर्षांवरचा पुरुष आणि १८ वर्षांवरची स्त्री यांना कायद्याने गुलाम किंवा बांधील नोकर म्हणून ठेवता येणार नाही. म्हणजे मुलं या संरक्षणाबाहेर राहिली. स्वतःच्या संमतीने किंवा कर्ज-दंडापोटी बांधून घेण्याची वाटही उघडी होती. १७८६ मध्ये कृष्णवर्णीयांना राज्याबाहेर नेऊन विकण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच कलम असूनही काय चाललं होतं ते कळतं. कलमातली ही फट नोव्हेंबर २०२२ च्या मतदानाने बुजली. म्हणून ‘गुलामगिरी बंद केली’ असं न लिहिता ‘१७७७ च्या संविधानात प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई केली’ असं लिहा. एवढं लिहिलंत तरी ते त्या काळात मोठंच पाऊल होतं, आणि खोटंही ठरणार नाही.

नाण्यांची नोंद मात्र उत्तम आहे, ती वाढवा. जून १७८५ मध्ये विधिमंडळाने रुपर्ट गावच्या रूबेन हार्मन (धाकटा) याला तांब्याची नाणी पाडायची परवानगी दिली. आधी ठरलेलं वजन १६० ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेदहा ग्रॅम. एवढं तांबं घालून नाणं पाडणं परवडेना, कारण बाजारात हलके ब्रिटिश हाफपेनी फिरत होते. त्यामुळे वजन १११ ग्रेनवर, म्हणजे सव्वासात ग्रॅमच्या आत आलं. सुरुवातीच्या नाण्याच्या एका बाजूला झाडांच्या डोंगररांगेमागून उगवणारा सूर्य, खाली नांगर आणि भोवती लॅटिनमध्ये ‘व्हरमाँट्स रेस पब्लिका’, म्हणजे व्हरमाँटचं प्रजासत्ताक. दुसऱ्या बाजूला मधोमध डोळा, त्यातून निघणारे किरण, तेरा तारे आणि ‘स्टेला क्वार्टा डेसिमा’, म्हणजे चौदावा तारा. संघात जागा मिळायला अजून सहा वर्षं होती आणि यांनी आपला नंबर तांब्यावर कोरून टाकला होता. फोटो छापायचा तर हाच छापा. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द नाण्यावर आहे खरा, पण कारभाराच्या कागदांवर ते स्वतःला ‘स्टेट ऑफ व्हरमाँट’च म्हणवून घेत.

हॉपकिन्सला यादीतून काढा. ३१ जुलै १७९० चं ते पेटंट खरं आहे, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. व्हरमाँटमधल्या पिट्सफर्डला त्याच्या नावाचा फलकही लागला. पण पेटंटवरचा सॅम्युएल हॉपकिन्स फिलाडेल्फियाचा होता. नाव सारखं असल्यामुळे व्हरमाँटच्या दुसऱ्याच माणसाला हा मान मिळाला आणि पुस्तकामागून पुस्तकात तीच चूक उतरत गेली. पेटंट कशाचं, हे मात्र सांगण्यासारखं आहे. लाकडाची राख पाण्यात भिजवून गाळायची, ते क्षारपाणी लोखंडी कढईत आटवायचं आणि खाली उरतो तो पोटॅश, ही जुनी रीत. हॉपकिन्सची सुधारणा एवढीच की राख भिजवण्याआधी भट्टीत पुन्हा जाळायची. राखेत राहिलेला कोळसा जळून जातो आणि क्षार जास्त निघतो.

आयडा मे फुलरच्या नोंदीत एकच शब्द घाला: पहिला *मासिक* चेक. त्याआधी एकरकमी पैसे मिळालेले लोक होते. क्लीव्हलँडचा ट्रामचालक अर्नेस्ट ॲकरमन पेन्शन योजना सुरू झाल्यावर एका दिवसात निवृत्त झाला. त्याचे ५ सेंट कापले गेले आणि १७ सेंट हातात आले. हे जानेवारी १९३७ चं. फुलरबाई लडलो गावच्या, वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या. त्यांच्या चेकचा क्रमांक ००-०००-००१, तारीख ३१ जानेवारी १९४०, रक्कम २२.५४ डॉलर. तीन वर्षांत त्यांच्या पगारातून कापले गेले होते २४.७५ डॉलर. कपातीचा दर १ टक्का होता, म्हणजे तीन वर्षांची मिळून कमाई २,४७५ डॉलर. त्या १९७५ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून जगल्या. एकूण मिळालेले पैसे २२,८८८.९२ डॉलर. हा हिशेब चौकटीत द्या, वाचणारा तिथे थांबेल.

काचपट्टी

बेंटलीबद्दल सांगते. जेरिको गावचा शेतकरी, जन्म १८६५. सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडून पहिला फोटो निघाला १५ जानेवारी १८८५ ला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो.

वितळण्याचं उत्तर त्याच्या कामाच्या जागेत आहे. खोली बिनाशेकोटीची, बाहेरच्याइतकीच गार. कॅमेरा, काचपट्ट्या, हत्यारं, सगळं आधीपासून त्याच थंडीत ठेवलेलं. उबदार घरातून आणलेली काचपट्टी असेल तर कण टेकताक्षणी पाणी होतो. बर्फ पडायला लागला की तो काळा रंग दिलेली पाटी बाहेर धरायचा. पाटीला तारेच्या मुठी होत्या, कारण हाताची ऊब लाकडातून वर पोचते. आत आल्यावर भिंगातून भरभर नजर टाकायची. बहुतेक कण मोडके, एकमेकांत गुंतलेले किंवा दाणेदार निघतात, ते पिसाने झाडून टाकायचे. चांगला दिसला की लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसाच्या टोकाने हलकेच दाबून सपाट बसवायचा. हे सगळं श्वास रोखून. एक निःश्वास पडला तरी पाकळ्यांची टोकं गोल होतात.

दुसरा शत्रू लोक विसरतात. शून्याच्या खाली पारा असला तरी बर्फ थेट वाफ होऊन उडत असतो. टोकदार कडा सगळ्यात आधी झिजतात, त्यामुळे वितळत नसला तरी कण जुना होत जातो. म्हणून पाटी ते कॅमेरा हे अंतर पटकन कापायचं. उजेड खिडकीचाच, कणाच्या मागून येणारा. दिवे चालत नाहीत, त्यांची उष्णता असते.

काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढराशुभ्र कण ही त्याची ओळख, पण तसा फोटो कॅमेऱ्यातून येत नव्हता. मागून उजेड आल्यावर कण आणि भोवतालची जागा दोन्ही उजळ येतात, कण उठून दिसत नाही. तो निगेटिव्हची दुसरी प्रत करायचा आणि कणाभोवतीचा इमल्शनचा, म्हणजे चित्र धरणारा थर बारीक चाकूने खरवडून काढायचा. खरवडलेली जागा छापताना काळी येते. सहा पाकळ्यांच्या प्रत्येक खाचेतून चाकू फिरवायचा, तोही कडेला न लागू देता! जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान याने यावर आक्षेप घेतला होता की अशाने आकारात हात घातला जातो. आक्षेपात तथ्य आहे, आणि सुबक कणच निवडल्यामुळे त्याचे फोटो म्हणजे पडणाऱ्या बर्फाचा सरासरी नमुना नव्हे, हेही खरं. तुमच्या पत्रकात हे एका ओळीत लिहा. त्याने बेंटली लहान होत नाही.

आणि एक विनंती. त्याचं पावसाच्या थेंबांवरचं काम वगळू नका, मला ते फोटोंइतकंच मोठं वाटतं. पसरट ताटलीत इंचभर जाडीचा चाळलेल्या पिठाचा थर द्यायचा, तो पावसात काही सेकंद उघडा धरायचा. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. गोळ्या वाळू द्यायच्या, उचलून मोजायच्या. गोळीचा आकार थेंबाइतकाच असतो का, हे त्याने आधी माहीत मापाचे थेंब पिठात सोडून पडताळलं होतं. ताटली जास्त वेळ धरली तर थेंबावर थेंब पडून गोळ्या जुळतात आणि माप फुगतं, म्हणून काही सेकंदच. हे १९०४ मध्ये छापून आलं. थेंबांचा आकार मोजायची यापेक्षा स्वस्त रीत आजही सुचणार नाही.

सुरुंगवात

गेजच्या नोंदीत आधी ‘पहार’ बदला. ती सुरुंग ठासायची कांब होती. लांबी १०९ सेंटिमीटर, जाडी सव्वातीन सेंटिमीटरच्या आत, वजन ६ किलो. एक टोक निमुळतं, अणकुचीदार, आणि तेच वरच्या बाजूला होतं.

१३ सप्टेंबर १८४८, कॅव्हेंडिश गावाजवळ रटलंड-बर्लिंग्टन रेल्वेसाठी खडक फोडणं चाललं होतं. कामाचा क्रम असा: खडकात खोल भोक पाडायचं, त्यात बंदुकीची दारू आणि वात घालायची, त्यावर वाळू ओतायची आणि मग कांबीने वाळू ठासायची. वाळू दोन कामं करते. स्फोटाचा जोर वर वाया न जाता खडकात शिरतो, आणि लोखंड व दारू यांच्यामध्ये आड राहते. त्या दिवशी वाळू पडायच्या आधीच कांब आत गेली. मागच्या माणसांकडे बघताना गेजची मान वळलेली होती. लोखंड खडकावर घासलं, ठिणगी उडाली आणि भोक म्हणजे तोफेची नळी झाली. कांब डाव्या गालाच्या हाडाखालून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली आणि पंचवीसेक मीटरवर जाऊन पडली. काही मिनिटांत तो बोलू लागला, आणि बैलगाडीत ताठ बसून गावात आला.

तो वाचला याचं श्रेय डॉक्टर जॉन हार्लो यांनाही द्या. जखमेत पू झाला होता, तो त्यांनी वेळेवर काढला. आणि ‘तो पुढे कायमचा रानटी झाला’ हे छापू नका. स्वभाव बदलला, जुनी नोकरी परत मिळाली नाही, हे हार्लो यांनीच नोंदवलंय. पण त्यानंतर त्याने चिलीमध्ये अनेक वर्षं घोड्यांची टपालगाडी हाकली. रस्ता लक्षात ठेवणं, उतारू सांभाळणं, अनेक घोड्यांचे लगाम एका वेळी धरणं हे रानटी माणसाचं काम नाही. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फेफऱ्याच्या झटक्यांनी तो गेला. माणूस शेजारच्या न्यू हॅम्पशायरचा, घटना व्हरमाँटची, हेही स्पष्ट करा.

डेव्हनपोर्टबद्दल थोडक्यात: ब्रँडनचा लोहार, १८३७ चं पेटंट, क्रमांक १३२. ‘विजेच्या मोटरवरचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट’ म्हणा. ‘शोध’ म्हणू नका, युरोपात त्याआधीच फिरत्या मोटरी झाल्या होत्या. त्याची मोटर चालत होती, धंदा मात्र चालला नाही, कारण वीज बॅटरीतून यायची आणि बॅटरीतलं जस्त कोळशापेक्षा फार महाग पडायचं.

पाटीपेन्सिल

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. हॉपकिन्सची जागा रिकामी झाली. तिथे काय घालू?

दप्तरदार

मेंढ्या. खरंच. विल्यम जार्विस हा लिस्बनमधला अमेरिकेचा कॉन्सल (वाणिज्यदूत). स्पेन आपल्या मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या बाहेर जाऊ देत नसे. नेपोलियनच्या स्वारीत ती पकड सुटली, जार्विसने कळप विकत घेतले आणि १८११ मध्ये एक कळप व्हरमाँटच्या वेदर्सफील्डला आणला. १८४० च्या जनगणनेत राज्यात माणसं २,९१,९४८ आणि मेंढ्या सतरा लाखांच्या घरात, म्हणजे माणशी जवळपास सहा. कुरणांसाठी डोंगर उघडे झाले. मग १८४६ मध्ये लोकरीवरची आयात जकात उतरली, कालवे आणि रेल्वेमुळे पश्चिमेकडची स्वस्त लोकर बाजारात आली आणि कळप ओसरले. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा जंगल आहे, आणि त्या दाट झाडीत कुठेच न जाणारे दगडी बांध लागतात. ते त्या कुरणांचे.

काचपट्टी

आणखी एक जागा निघाली तर कॅल्व्हिन कूलिज. ३ ऑगस्ट १९२३ ला पहाटे २:४७ वाजता व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉचच्या घरात रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनी त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, कारण वडील नोटरी होते. हे सगळीकडे असतं. नसतं ते पुढचं: राज्याच्या नोटरीला संघराज्याच्या पदाची शपथ देता येते का, अशी शंका निघाली, आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये एका न्यायाधीशासमोर गुपचूप दुसरी शपथ झाली. ती गोष्ट बाहेर आली १९३२ मध्ये.