चितोड १५६८: तोफांनी पडलं की कुदळींनी?

दुर्गवेडा:
‘तोफांपुढे तलवारी टिकणार कशा? त्यात मेवाडचा राणा उदयसिंह आधीच पळालेला’ असं काल इथं कुणीतरी ठोकून दिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय. चितोडगडाला, म्हणजे मेवाडच्या राजधानीला, अकबराने घातलेला वेढा ऑक्टोबर १५६७ ते फेब्रुवारी १५६८, चार महिने चालला. पायथ्यावरून मारलेल्या गोळ्यांनी माथ्यावरचा तट ढासळेना, म्हणून सुरुंग खणले. त्यांत १२० आणि ८० मण दारू ठासली. १७ डिसेंबरला एक उडाला, खिंडार दिसताच मोगल आत धावले आणि दुसरा त्यांच्याच पायाखाली मागाहून फुटला. दोनशेक माणसं गेली. मग साबात उभारले: दोन्हीकडे मातीच्या जाड भिंती, वर फळ्या नि कातडी, नागमोडी वाट थेट तटापर्यंत. रुंदी दहा घोडेस्वार शेजारी-शेजारी जातील एवढी. बांधणारे मजूर रोज शंभरावर मरत होते. चितोड त्यांच्या कुदळींनी पडलं.

तोफची:
साबात ही तोफ जवळ नेण्याची वाट होती, तट फोडायला तोफच लागली. अर्धा मण गोळा फेकणारी तोफ छावणीतच ओतली, ती काय शोभेला? आणि गडाचा सेनानी जयमल राठोड खिंडार बुजवून घेत असताना पडला तो बंदुकीच्या गोळीने.

सडेतोड:
मूळ मुद्दा टाळू नका. जयमल आणि दुसरा सरदार पत्ता आठ हजार राजपुतांनिशी झुंजतात आणि राणा डोंगरात! याला पळणंच म्हणतात.

दुर्गवेडा:
मग १६८९ला रायगडाहून जिंजीला गेलेल्या राजाराम महाराजांना काय म्हणाल? राजा गडात सापडला की राज्य संपलं.

सडेतोड:
महाराजांचं नाव यात ओढू नका! जिंजीला वेढा पडला तेव्हा संताजी-धनाजी बाहेरून मोगलांना धड जेवू देत नव्हते. उदयसिंहाने चार महिन्यांत रसदीची एक तरी वाट तोडली?

दुर्गवेडा:
बरं, तेवढं मान्य. वेढ्यावर मागून जोराचा हल्ला झाला नाही. पण अकबराचा सरदार हुसेन कुली खान उदयपूर, कुंभलगडापर्यंत शोधत फिरला तरी राणा हाती लागला नाही, म्हणून मेवाड १६१५मध्ये मोगलांशी तह होईपर्यंत लढू शकलं. त्या तहातही चितोडची डागडुजी करायची नाही ही अट घालावी लागली.

रानवाट:
राजा पळाला की नाही यावर इतकं भांडलात, पण गड पडल्यावर कापलेल्या सुमारे तीस हजार लोकांचा एका ओळीतही उल्लेख नाही. त्यांत बहुतेक शेतकरी होते. गडाच्या बाजूने लढलेले काल्पीचे हजारभर बंदूकची मात्र आपल्याच बायकापोरांना कैद्यांसारखं बांधून, मोगल शिपाई असल्याचं भासवत फौजेतून निसटले. शेतकऱ्यांकडे ना बंदूक होती, ना शिपायाचा वेश.