अजिंक्यताऱ्यावरून आठ फुटी फोटो: तुकडे जोडताना तटबंदी तुटते, सल्ला हवा

यवतेश्वरचा वारा: नमस्कार. हॉलच्या भिंतीवर आठ फूट रुंद फोटो लावायचा आहे. अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं सातारा शहर, डावीकडे यवतेश्वर, उजवीकडे जरंडेश्वर. बाबा वर्षानुवर्षं पहाटे गडावर जायचे, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांना खुर्चीतून पेठांमधली घरं ओळखता यावीत एवढा बारकावा हवा.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (म्हणजे लहान आकाराचा) सेन्सर, झूम लेन्स १८-५५ मिमी. एकच फोटो आठ फुटांवर ताणला तर इंचाला जेमतेम ६२ पिक्सेल पडतात. म्हणून १८ वर, हातातच धरून, सात फोटो काढले आणि हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. डोंगर छान जुळले, पण पुढची तटबंदी दोन ठिकाणी तुटली आणि आभाळात पट्टे उमटले. सॉफ्टवेअर बदलू का?

फोकल५०: हगिन बदलू नका, फुकट असून उत्तम आहे. चूक गडावरच झालीय.

आधी तटबंदी. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून बघा, मागच्या भिंतीवर बोट सरकतं. तुम्ही जागेवर वळलात तेव्हा लेन्स तुमच्याभोवती फिरली, म्हणजे प्रत्येक फोटो वेगळ्या जागेवरून निघाला. लांबच्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, पाच फुटांवरच्या दगडाला पडतो. यावर सोपा उपाय म्हणजे तटाच्या अगदी कडेच्या सुरक्षित जागी जाऊन जवळचं काही फ्रेममध्ये येऊच न देणं. दगड हवेच असतील तर ट्रायपॉडवर कॅमेरा मागेपुढे सरकवणारी पट्टी लावा. जवळचा एक खांब आणि त्याच रेषेत लांबचा एखादा मनोरा धरून कॅमेरा फिरवा. दोघं एकमेकांपासून सरकायचे थांबले की कॅमेरा फिरवायची ती जागा खरी.

आभाळाचे पट्टे बहुतेक ऑटोमुळे. एक्स्पोजर (फोटो किती उजळ), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), फोकस सगळं मॅन्युअल करा. एक्स्पोजर सगळ्यात उजळ भागावर ठरवा आणि मग हात लावू नका. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लेन्सवर असेल तर काढून ठेवा, रुंद फोटोत निळा रंग एका बाजूला गडद होतो.

आणि १८ वर काढू नका. ५० वर, कॅमेरा उभा धरून, शेजारच्या दोन फोटोंत एकतृतीयांश भाग सामाईक ठेवून काढा. १२० अंशांना दहा-अकरा फोटो लागतील, रुंदी साधारण २६ हजार पिक्सेल. आठ फुटांवर इंचाला २७० च्या वर. हगिनमध्ये प्रोजेक्शन (फोटो सपाट पसरायची पद्धत) सिलिंड्रिकल ठेवा, नाहीतर कडेची घरं ताणली जातील.

कृष्णाकाठ_सांगली: वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. आयर्विन पुलाचे तुकडे जोडताना नदीच्या लाटांवर जोडबिंदू (दोन फोटो जुळवायच्या खुणा) बसले आणि पूल वाकडा आला. पाण्यावरचे, ढगांवरचे बिंदू हाताने पुसा. एखादी गाडी दोन फोटोंत अर्धी-अर्धी आली तर मास्क लावून (नको तो भाग झाकून) एकाच फोटोतली ठेवा. फ्लेक्सवाल्याकडे मात्र जाऊ नका. फोटो पेपरवर छापणारा शोधा, फाइल टिफ द्या आणि आधी एक फूटभर तुकडा छापून बघा.

गडप्रेमी_कराड: एवढा खटाटोप कशाला? मोबाइलचा पॅनोरमा चांगला येतो की.

फोकल५०: मोबाइलवर बघायला येतो. पेठेतलं घर ओळखायला नाही पुरणार.

यवतेश्वरचा वारा: काल पाऊस पडून हवा धुतली गेली होती, आज पुन्हा गेलो. कडेला उभं राहून, ५० वर, अकरा फोटो. एकही जोड दिसत नाही! स्क्रीनवर मोठं करून बाबांना दाखवलं, गल्लीगल्लीतून फिरले. मग म्हणाले, "आपण बसायचो तो तट कुठाय?"

तेव्हा सरकती पट्टी लागणारच. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात कुठे मिळेल, की वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ?

फोकल५०: अॅल्युमिनियमची पट्टी, मधे लांब खाच आणि पाव इंची स्क्रू, एवढंच लागतं. फॅब्रिकेशनवाला करून देईल. लेन्स ५० वर ठेवूनच जागा शोधा आणि पट्टीवर खूण करा, झूम बदललं की ती जागाही बदलते.