कमी पैशातले, राक्षसवाले, येडपट पिक्चर सांगा (गच्चीवर लावायचे आहेत)

मानेवाड्याचा_मंग्या:
भाऊ लोकहो, मदत पाहिजे. येत्या शनिवारी घरी गच्चीवर प्रोजेक्टर लावून राह्यलो, चादर बांधू, कूलर वर ओढून नेऊ, दहा-बारा जण आहोत. मावसभाऊ तीन वर्षांनी नागपूरला येऊन राह्यला आणि त्याची एकच फर्माईश, आपण लहानपणी केबलवर दुपारी पाहायचो तसला पिक्चर लाव, ज्याच्यातला राक्षस कोणीतरी हाताने बनवलाय हे दिसतं. आजी झोपली की आम्ही दोघं आवाज बारीक करून 'पुराना मंदिर' पाहायचो, त्यातला राक्षस सामरी आला की उशी डोळ्यावर, आणि मधेच जगदीपची शोलेछाप कॉमेडी सुरू झाली की तीच उशी तोंडात कोंबायची कारण हसलो तर आजी उठते. ते जे काय होतं ना, ते मला नंतर कुठल्याच महागड्या पिक्चरात भेटलं नाही.
पादणं, ओकाऱ्या, शेंबूड सगळं चालेल, चालेल काय, पाहिजेच. फक्त बायांची टिंगल करून हसवणारं नको, आई-मावशी बसणार आहे आणि भाची चौदाची आहे.

प्रतापनगर_नाइट_शो:
मंग्या भाऊ, मग सामरीला या वेळी सुट्टी दे, १९८४ चा आहे तो, त्यातले आंघोळीचे सीन मावशीसमोर जमणार नाही. (सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकून सिव्हिल इंजिनिअर होते, हे मावसभावाला नक्की सांग.) आणि कोणी 'टॉक्सिक अव्हेंजर' सुचवला तर तोही नको, माझा आवडता आहे पण त्यात सायकलवरच्या लहान पोराला गाडीखाली घालतात, भाचीसोबत नाही पाहवणार.
तुला पाहिजे तो 'बॅड टेस्ट', १९८७, न्यूझीलंडचा. परग्रहावरचे लोक माणसांचं मटण करून आपल्या हॉटेलात विकायला आलेत, एवढीच स्टोरी. पीटर जॅक्सनने दोस्त जमा करून सुट्टीच्या दिवशी शूटिंग करत करत चार वर्षं लावली, राक्षसांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले, आणि स्वतः दोन रोल केले, एक दाढीवाला आणि एक बिनदाढीचा, कड्यावर दोघांची मारामारी आहे म्हणजे तो स्वतःशीच भांडून राह्यला. रक्तबंबाळ मात्र लय आहे. एक सीन सांगून ठेवतो, राक्षस भांड्यात हिरवी ओकारी काढतो आणि ते भांडं सगळ्यांमध्ये फिरतं, आपला एक माणूस वेष बदलून त्यांच्यात बसलाय, त्याची पाळी येते, पिल्याशिवाय सुटका नाही. तो घोट घेतो तेव्हा आमच्याकडे नऊ माणसं एकदम ओरडली होती, आणि त्याला ते आवडतं हे कळल्यावर माझ्या काकांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. याच पीटर जॅक्सनच्या पिक्चरला २००४ मध्ये ११ ऑस्कर भेटले, पण मला तो ओव्हनवालाच जवळचा वाटतो बाप्पा. सबटायटल लाव, त्यांचे उच्चार लवकर कळत नाही.

बर्डी_टू_इतवारी:
टमाटरवाला! 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज', १९७८. त्यात हेलिकॉप्टर पडतं ते शूटिंगमध्ये खरंच पडलं होतं, माणसं वाचली, आणि त्यांनी तो सीन पिक्चरात ठेवला.

महालची_प्रज्ञा:
मंगेशभाऊ, माझं मत थोडं लांब आहे, वाचा. हे पिक्चर आपल्याला का आवडतात ते मला मारबतीच्या दिवशी, म्हणजे आपल्या नागपुरात मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा कळलं. तान्ह्या पोळ्याला आजोबा मला खांद्यावर घेऊन नेहरू पुतळ्यापाशी उभे राहायचे, काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तिथे. मला काळीची भीती वाटायची, डोळे मिटून घ्यायची. मग मागून बडगे, म्हणजे मिरवणुकीतले कागदाचे पुतळे आले, त्यातल्या एकाच्या काखेतून बांबूची कामटी बाहेर आलेली, कागद ओला असल्यामुळे पोट लोंबून राह्यलं होतं, आणि बाजूचे लोक त्याला अशा शिव्या घालत होते की घरी उच्चारल्या तर मार पडला असता. आजोबा पण! मी इतकी हसले की काळीकडे परत वळून नीट पाहिलं. कामटी दिसली की भीती पळते असं नाही, भीती राहतेच, पण तिच्या अंगावर जाता येतं. काँप्युटरच्या राक्षसाची कामटी दिसतच नाही, त्याला शिवी कशी घालणार?
मावशींसाठी आधी 'झपाटलेला' लावा, १९९३ चा आहे, सगळ्यांना पाठ असला तरी. रामदास पाध्यांनी तात्या विंचूची ती बाहुली जी चालवलीये, मान वळते तेव्हा आजही माझा हात थांबतो. आणि नवीन पाहिजे तर 'ब्लॅक शीप', २००६, तोही न्यूझीलंडचाच, मेंढ्या माणसं खातात, हिरोला मेंढीचीच भीती, आणि पादण्याचा कोटा पूर्ण आहे, जास्त सांगत नाही.

मानेवाड्याचा_मंग्या:
प्रज्ञाताई, तुमची पोस्ट मावसभावाला पाठवली, तो म्हणतो यंदा मारबतीला पण थांबतो. ठरलं मग: साडेसातला 'झपाटलेला', जेवणानंतर मेंढ्या, आणि भाची, आई, मावशी खाली झोपायला गेल्या की 'बॅड टेस्ट'. नाइट शो भाऊ, रविवारी सकाळी तर्री पोह्यावर रिपोर्ट देतो.

प्रतापनगर_नाइट_शो:
हिरव्या ओकारीच्या वेळी कोणाच्या हातात चटणी देऊ नको. आणि मावशी खाली जाणार नाही पाह्य, लिहून घे.